साखर न खाणाऱ्या मुंग्या

तार दुपारी आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर भाऊच्या धक्क्यावर बोट गाठायला निघाले. मधल्या वेळात त्यांनी आपली पेटी जेवढ्या वेळा उघडली नसेल, तेवढ्या वेळा सुलक्षणाला त्या पांढऱ्या ठोकळ्यापुढे नेऊन उभं केलं.

"काकू, पुन्हा एकदा सांगा बघू. पाणी कुठे घालायचं?"

"ह्या टोकाला. थेंब थेंब."

"मुंग्यांच्या अंगावर?"

"नाही."

"खायला?"

"बाटलीतलं."

"आणि दुसरं काही?"

"दुसरं काही नाही," सुलक्षणा म्हणाली. पण तिच्या डोक्यात काही शिरत नव्हतं. तिकडे रत्नागिरीला ह्या माणसाचा बाप अंथरुणाला खिळलेला, आणि हा इथे मुंग्यांच्या जेवणाची उजळणी घेतोय. बरं, माणूस काही उलट्या काळजाचा नव्हता. तार वाचून झाल्यावर त्याने ती पुन्हा पहिल्यापासून वाचली, ते तिने पाहिलं होतं.

मास्तर म्हणजे चंद्रप्रकाश. अंधेरीतल्या एका कॉलेजात ते मुलांना बेडूक आणि झुरळं चिरून दाखवत, म्हणून चाळीत सगळे त्यांना मास्तर म्हणत. सुलक्षणाचा नवरा गिरणीत होता. तो गेल्यावर तिने बाहेरची खोली ह्या एकट्या माणसाला दिली, दोन वेळचं जेवणही देऊ लागली. गावदेवीच्या डोंगराखालची ती बैठी चाळ. बाहेरची खोली दुपारी पत्र्याखाली तव्यासारखी तापे, म्हणून मुंग्यांचा ठोकळा त्यांनी आतल्या खोलीत, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला होता.

तो ठोकळा प्लास्टरचा, पाटीपेक्षा थोडा लहान. ओल्या पिठात बोटांनी खळगे पाडावेत तशा त्यात चार-पाच खोल्या, आणि खोल्यांना जोडणाऱ्या चिंचोळ्या गल्ल्या. वर काच, काचेवर लाल कागद. आत मुंग्या. पण मुंग्या म्हणायचं ते मास्तर सांगत म्हणून. रव्याच्या कणाएवढे तांबूस ठिपके, ना रांग धरणारे, ना धावपळ करणारे. सुलक्षणाने पहिल्यांदा काचेतून पाहिलं तेव्हा तिला वाटलं, मेल्या आहेत आणि ह्या बिचाऱ्याला पत्ता नाही. तिने तसं सांगितलंही. मास्तर हसले, म्हणाले, "काकू, ह्यांचा स्वभावच तो. शिकारी आहेत ना. वाघ काय दिवसभर पळत असतो?"

शिकार कशाची, तर पाचोळ्यात राहणाऱ्या पांढऱ्या किड्यांची. ते किडेही असे बारीक की नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसावेत. शेपटीखालचा चाप सोडला की टुणकन उडत. मास्तर डोंगराच्या उतारावरून आंब्याखालचा कुजका पाचोळा आणून हॉर्लिक्सच्या बाटलीत भरून ठेवत. किड्यांचं इंग्रजी नाव कुणाच्या तोंडी बसेना, म्हणून उत्तराने त्यांना लाह्या म्हणायला सुरुवात केली. तापल्या कढईत लाह्या उडतात तसे उडतात, म्हणून लाह्या.

उत्तरा ही सुलक्षणाची एकुलती एक मुलगी. लग्न होऊन घाटकोपरला गेली होती. जावई श्यामसुंदर विक्रोळीच्या कारखान्यात फिटर. माणूस भला, घरही बरं. पण उत्तराची पहिली खेप पाचव्या महिन्यात फुकट गेली आणि दुसरी सातव्यात. तिसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की मुलगी खाटेवरून उठता कामा नये. खाटेच्या पायथ्याशी विटा ठेवून पाय उंच करा, आणि जेवणही आडवं असतानाच. मग सुलक्षणाने तिला अंधेरीला आणून आतल्या खोलीत निजवलं. मास्तर आपला ठोकळा उचलून न्यायला आले तेव्हा उत्तराच म्हणाली, "राहू द्या ना मास्तर. मला दुसरं बघायला आहे काय? छप्पर?" मास्तरांनी तिला भिंग दिलं. खाट खिडकीला लावली. उत्तरा कुशीवर वळली की ठोकळा थेट तिच्या डोळ्यांपुढे.

सुलक्षणाला ते तेव्हाच खटकलं होतं, पण पोरीचा वेळ जातोय म्हणून ती गप्प राहिली. घरात पोटुशी बाई असली की काय काय पाळायचं असतं ते तिला आईकडून, सासूकडून मिळालेलं. घरात जीव मारायचा नाही. भिंतीत खिळा ठोकायचा नाही. त्या बाईच्या नजरेला चिरणं-कापणं पडू द्यायचं नाही. दुसऱ्या खेपेला घाटकोपरच्या घरात उंदीर मारला होता, हे तिला मागाहून कळलं, आणि तेव्हापासून ते तिच्या मनातून जात नव्हतं. त्यात शेजारच्या विमलाने एक नेम सांगितला होता: मूल हाती येईपर्यंत रोज सकाळी, चहा तोंडाला लावण्याआधी, मुंग्यांना साखर घालायची. सुलक्षणा तो मोडत नव्हती. उंबऱ्याशी, मोरीच्या कडेला, तुळशीच्या डब्याखाली चिमूट चिमूट साखर ठेवायची आणि काळ्या मुंग्यांची रांग येऊन ती उचलीपर्यंत समोर बसून राहायची. पहिला कण उचलला की तिचा जीव थोडा भांड्यात पडे.

मास्तर गेले त्या दिवशी लाह्या घालायची पाळी आली. सुलक्षणाने बाटलीतला चिमूटभर पाचोळा कागदावर झाडला, ओल्या कुंचल्याने पांढरे ठिपके टिपले आणि काच सरकवून आत सोडले. उत्तरा भिंग लावून बसली होती, म्हणजे पडली होती.

"आई, ती बघ, जबडा उघडून उभी राहिली. अशी, दोन्ही बाजूंना. हलतसुद्धा नाही. लाही तिच्या तोंडापाशी आलीय. अगं, मिश्या लागल्या तिला." उत्तरा श्वास धरून थांबली. मग एकदम म्हणाली, "मेली."

किती दिवसांनी पोरीच्या आवाजात अशी हौस ऐकू आली होती. आणि आली ती नेमकी ह्या शब्दात. सुलक्षणाच्या हातातला कुंचला तसाच राहिला.

"असा बोला नको गो."

"का? मेलीच ना. खाटकन. मास्तर म्हणतात तसंच."

सुलक्षणा उठली आणि सरळ विमलाच्या दारात जाऊन बसली. विमला तारले साफ करत होती. खारदांड्याची कोळीण नुकतीच येऊन गेली होती.

"विमल, पोटुशी बाईन शिकार बघली तर काय होता?"

"कसली शिकार?"

सुलक्षणाने सांगितलं. विमलाचा हात थांबला.

"त्या पेटयेत मुंग्यो जीव मारतत, आणि तुझा चेडू पडल्या पडल्या बघता? आणि तू बघूक देतंस?"

"ते एवढेसे किडे. डोळ्यांक दिसणत नाय."

"जीव तो जीव. देवाक दिसता."

सुलक्षणा तिच्या पुढ्यातल्या ताटाकडे पाहून म्हणाली, "मग ह्या काय चलला हा तुझा?"

"ह्ये मेलेले इले माझ्या घरात. मेलेलो मासो येगळो, मारलेलो जीव येगळो. तू पण काल तळलंस ना? पण उत्तराच्या समोर चिरलंस?"

"नाय. मोरयेत."

"मग झाला तर."

काय झालं ते सुलक्षणाला नीट कळलं नाही. मोरीत चिरलेला मासा उत्तराच्या ताटात गेला होता, आणि तो तिने आवडीने खाल्लाही होता. पण विमलाच्या बोलण्यातली भीती मात्र तिच्या पोटात उतरली ती उतरलीच. घरी येताना तिला वाटेतच उपाय सुचला, आणि तो इतका सोपा होता की मास्तरांसारख्या शिकलेल्या माणसाला कसा सुचला नाही याचं तिला नवल वाटलं. मुंगी म्हणजे मुंगी. साखर ठेवली की जी येत नाही अशी मुंगी तिने जन्मात पाहिली नव्हती. ह्या बिचाऱ्यांना कुणी साखर घातलीच नसेल, म्हणून लागली असेल जीव मारायची सवय. चार दिवस साखर घातली की आपोआप वळणावर येतील. उत्तराच्या नजरेला हिंसा पडणार नाही, आणि नेमात ह्याही मुंग्या धरल्या जातील.

संध्याकाळी दिवा लावायच्या वेळी तिने हॉर्लिक्सची बाटली पदराखाली घेतली आणि सगळा पाचोळा तुळशीच्या डब्यात उपडा केला. गटारात टाकायला मन होईना, जीव होते शेवटी. बाटली धुऊन पालथी घातली आणि उत्तराला सांगितलं, "बाटलीत कायच नाय रवला. सगळे मेले वाटता."

"सगळे?"

"होय. आता मास्तर येईसर साखर घालू या."

"मास्तर म्हणाले होते ना, दुसरं काही नको."

"भुकेन मरण्यापेक्षा बरा."

उत्तराला ते पटल्यासारखं झालं. सुलक्षणाने पिठीसाखर केली, चाळली आणि नखाएवढी आत ठेवली. मुंग्या बाजूने गेल्या. एकीने मिशी लावली आणि मागे सरली. दुसऱ्या दिवशी तिने साखरेबरोबर खोबऱ्याचा कीस ठेवला. तिसऱ्या दिवशी दुधाची साय. मुंग्यांनी कशालाही तोंड लावलं नाही. ओल्या प्लास्टरवर साखर पाझरून चिकट झाली, आणि एक मुंगी त्यात पाय रुतून राहिली ती सुटली नाही. उंबऱ्यावरच्या काळ्या मुंग्या मात्र तिची साखर रोजच्यासारखी उचलून नेत होत्या. सुलक्षणा सकाळी त्यांच्यापुढे बसायची आणि मग ठोकळ्यापुढे येऊन उभी राहायची. तिथली साखर तशीच. ज्याच्यासाठी घालायची त्यानेच नको म्हटलं तर तो नेम कुणाच्या खाती जातो? नाकारला म्हणायचा का? विमलाला विचारायची तिची छाती झाली नाही.

मग एका दुपारी उत्तराने हाक मारली. मोठ्याने नाही, नेहमीसारखीच. पण सुलक्षणा शेगडीवरचं भांडं तसंच टाकून धावली.

उत्तराने भिंग गादीवर ठेवलं होतं.

"काय झाला गो? दुखता काय?"

"नाही." ती छपराकडे बघत होती. "आई, राणीजवळ अंडी होती ना, पांढरी, गोळा करून ठेवलेली."

"मग?"

"खातायत ती."

सुलक्षणाला कळेना. "कोण?"

"त्याच. त्यांच्याच मुंग्या. एक जण तोंडात धरून बसली होती, मला वाटलं जागा बदलतेय. मग बघितलं तर अंडं नव्हतंच. आता दुसरं धरलंय."

सुलक्षणाने भिंग घेतलं. तिच्या हाताला सवय नव्हती, लाल कागदाखाली सगळं तरंगल्यासारखं दिसत होतं. मग एक मुंगी जागेवर आली. तिच्या तोंडात पांढरं काहीतरी होतं आणि ते अर्धंच होतं. सुलक्षणाने भिंग खाली ठेवलं.

"आपल्या पोटचं आपणच," उत्तरा म्हणाली. "माझंही तसंच होतं. कुणी मारत नाही. माझंच अंग ठेवून घेत नाही."

त्या दिवशी ती जेवली नाही. संध्याकाळी पेज दिली ती तिने दोन घोट घेऊन परत केली. दुसऱ्या दिवशीही तसंच. डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. पोटाला हात लावून म्हणाल्या की मूल ठीक आहे, पण आई खाणार नसेल तर मूल कुठवर ठीक राहील. "कशाचा धसका घेतलाय का हिने?" त्यांनी बाहेर येऊन विचारलं. सुलक्षणा त्यांना चाळीच्या दारापर्यंत पोचवून आली. मुलीच्या नजरेला जीव मारलेला पडू नये म्हणून तिने सगळं केलं, आणि आता तिच्या नजरेला जे पडलं होतं त्याला काय नाव द्यायचं हेही तिला सुचत नव्हतं. शिकार बघताना पोरगी हसत तरी होती.

रविवारी श्यामसुंदर आला. त्याने बायकोचा चेहरा पाहिला, ठोकळ्याकडे पाहिलं आणि सासूला बाजूला घेतलं.

"आई, ते डबडं फेकून द्या ना. मास्तरांना मी सांगतो. पडलं, फुटलं, काहीही सांगतो."

आतून उत्तराचा आवाज आला. "मी ऐकतेय हां. फेकलंत ना, तर मी उठून शोधायला जाईन. सरळ चालत जाईन."

जाताना श्यामसुंदरने बायकोच्या उशाशी मोसंबी ठेवली. ती तशीच राहिली.

सोमवारी सकाळी सुलक्षणा नेमाप्रमाणे साखरेची वाटी घेऊन तुळशीपाशी गेली. तिने कालच्यासारखंच डब्यात पाणी ओतलं. माती भिजली तसे मातीवर पांढरे ठिपके उडाले. एक, मग तीन-चार, मग कितीतरी. ती उकिडवी बसली आणि नाक मातीला लागेल इतकी वाकून बघत राहिली. तिने रोज घातलेल्या पाण्यावर तुळशीच्या मुळाशी ते जगले होते, नुसते जगले नव्हते, वाढले होते.

म्हणजे आता तिच्या हातात होतं. आणि हेच तिला नको होतं. मास्तर गेले त्या दिवशी लाह्या घातल्या त्या मास्तरांचं काम म्हणून, सांगितलेलं केलं म्हणून. आता जे घालायचं ते स्वतःच्या मनाने घालायचं. घरात पोटुशी मुलगी. आणि जीव उचलायचे ते तुळशीच्या मुळातून. तिने मारायला द्यायचे, म्हणजे मारायचेच. नाही दिले, तर त्या आत आपलीच अंडी संपवणार, आणि बाहेर ही खाटेवर पडून बघत बघत उपाशी राहणार. ती बराच वेळ तशीच बसली. विमला पाण्याची कळशी घेऊन जाताना म्हणाली, "काय गो, आज साखर घालूक इसारलंस काय?" सुलक्षणाने नुसती मान हलवली. ती हो होती की नाही, हे तिलाच सांगता आलं नसतं.

शेवटी तिने पदर खोचला, मास्तरांचा कुंचला आणि एक रिकामी वाटी आणली आणि तुळशीला हात जोडून मातीवरचे ठिपके टिपायला लागली.

वाटी घेऊन ती आत आली तेव्हा उत्तरा भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"उत्तरा, लाह्यो गावल्यो."

उत्तरा वळली. "कुठे?"

"तुळशीत. मीच ओतललंय थंय. बाटलीत मेल्ले नव्हते."

उत्तराने ठोकळ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे तू उपाशी ठेवलंस त्यांना."

"साखर घातलंय ना मी. रोज."

"आई, तू ना," उत्तरा म्हणाली, आणि पुढचं तिने गिळलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण सुलक्षणाला ते रागाचं वाटलं, आणि रागाचं वाटलं म्हणून बरंही वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच पोरीला काही तरी वाटलं होतं. "म्हणजे त्या तशा नव्हत्या. भुकेने खाल्लं त्यांनी."

"भुकेन."

"मग घाल ना पटकन. बघतेस काय?"

उत्तरा भिंगाकडे हात नेऊ लागली, तो सुलक्षणाने धरला. "तू बघा नको. मी बघतंय. मी सांगतंय तुका."

"तुला दिसणार आहे का?"

"दिसतला."

असं ठरलं. उत्तराने कपाळावर हात आडवा घेऊन डोळे झाकले, आणि सुलक्षणाने लाह्या सोडून काच लावली आणि भिंग डोळ्याला लावलं. आधी काहीच दिसेना. मग दिसायला लागलं, आणि सांगायचं कसं हे कळेना. एक मुंगी उभी राहिली. तिचा जबडा अडकित्त्यासारखा उघडला आणि उघडाच राहिला.

"सांग ना."

"एक उभी आसा. तोंड उघडून."

"आणि?"

"लाही फिरता. येता. गेली. परत येता." लाही आपल्या पायांनी त्या उघड्या जबड्यात चालत येत होती आणि तिला कुणी अडवत नव्हतं. अडवावं असं सुलक्षणाला वाटलं, आणि त्याच वेळी, लवकर ये गो बाय, असंही वाटलं. दोन्ही एकदम कसं वाटू शकतं? तेवढ्यात जबडा मिटला. तो मिटताना तिला दिसलाच नाही. उघडा होता, आणि मग मिटलेला होता.

"आई?"

"धरल्यान," ती म्हणाली. "मेली" हा शब्द तिने तोंडातून काढला नाही. "आता नेता. हळूहळू नेता. भिंतीकडून. आत. पोरां आसत थंय."

"अंडी?"

"अंडी नाय. ते गुबगुबीत. अळयेसारखे."

"पिल्लं ती. राहिलीत का पिल्लं?"

"रवलीत. एकाच्या पोटार ठेवल्यान." सुलक्षणा थांबली. पिल्लू उताणं पडलं होतं, आणि मुंगीने ती लाही त्याच्या पोटावर, तोंडाला लागेल अशी ठेवली होती. पिल्लाने मान वाकवली. "खाता," ती म्हणाली. "उताणा पडून खाता. तुझ्यासारखा."

उत्तराचा हात कपाळावरून निघाला. तिचं तोंड हसायच्या बेतात होतं, पण अजून राग धरून होतं. "मला काही दे मग," ती म्हणाली. "पेज नको. भात दे."

सुलक्षणा उठली. भात कालवताना तिला आठवलं की आज तिने उंबऱ्यावर साखर घातलीच नव्हती आणि चहाही घेतला नव्हता. साखर आधी की भात आधी? तिने भात आधी दिला.

मास्तर परत आले ते वडिलांना जरा उतार पडल्यावर. काचेखाली पाहून म्हणाले, "काकू, ही साखर कुणी घातली?"

"मी."

त्यांनी आणखी काही विचारलं नाही. राणी आहे, पिल्लं आहेत, एवढं पाहून ते खूश होते. सुलक्षणाने त्यांना पाण्याचा तांब्या दिला आणि तशीच उभी राहिली.

"मास्तर, तुम्ही शिकलेले. ह्यांना जीव घालायचा तो पाप की पुण्य?"

मास्तरांनी पाणी प्यायला जरा जास्तच वेळ घेतला. "त्यांचं पोटच तसं घडलेलं आहे, काकू. साखर पचत नाही त्यांना."

"ते मला कळलं. मी माझं विचारते."

"ते मला सांगता यायचं नाही," मास्तर म्हणाले, आणि त्यांचा चेहरा मुलांनी भलताच प्रश्न विचारल्यासारखा झाला.

त्यानंतर लाह्या घालायचं काम सुलक्षणाकडेच राहिलं, कारण उत्तराला दुसऱ्या कुणाचं सांगणं पटेना. मास्तर सांगायचे ते पुस्तकातलं. आई सांगायची ते शेजारणीच्या घरातलं सांगितल्यासारखं: ही आळशी आहे, ही दुसरीच्या तोंडचं ओढून घेते, राणीला कुणी विचारत नाही. उत्तरा डोळे झाकून ऐकायची आणि जेवायची. सातवा महिना गेला. आठवा गेला. सकाळी उंबऱ्यावर साखर, दुपारी ठोकळ्यात लाह्या. देवापुढे उभी राहिली की सुलक्षणा साखरेचं बोलायची आणि लाह्यांपाशी येऊन अडखळायची. सांगायचं तर काय म्हणून सांगायचं, आणि नाही सांगितलं तर त्याला कळत नाही थोडंच.

कळा सुरू झाल्या त्या सकाळी. श्यामसुंदरला निरोप गेला. घोडागाडी आली. प्रसूतिगृहात नर्सने उत्तराला आत घेतलं आणि सुलक्षणाला बाकावर बसवलं. थोड्या वेळाने तिलाच आत बोलावलं, पेशंट ऐकत नाही म्हणून.

उत्तराचं कपाळ घामाने भिजलेलं. तिने आईचं मनगट धरलं.

"आज त्यांना काही घातलं नाही."

"कोणाक?"

"आई. मास्तर परीक्षा घ्यायला गेलेत, संध्याकाळशिवाय यायचे नाहीत. पाणीसुद्धा नाही घातलेलं."

"एका दिसान काय होवचा नाय गो."

"तू जा."

"तुका सोडून?"

"इथे तू बाकावरच बसणार आहेस. जा, आणि खाल्लं की मला येऊन सांग. बघून ये हां. नुसतं घालून येऊ नको." मग कळ आली आणि तिने मनगट सोडून खाटेची कड धरली. नर्स म्हणाली, "जा हो बाई, नाहीतर ही जोर लावायची नाही."

सुलक्षणा बाहेर आली. श्यामसुंदर फाटकातून आत येत होता. त्याने विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "अजून काय नाय, मी येतंय जाऊन," आणि तो बघतच राहिला.

मुलगी आत अडलेली असताना आई घरी मुंग्यांना घालायला चालली आहे, हे कुणाला सांगितलं तर काय म्हणतील, असं तिला सगळी वाट वाटत होतं. घरी येऊन तिने तुळशीतून लाह्या टिपल्या, पाण्याचे थेंब सोडले, काच लावली आणि भिंग धरलं. आणि मुंग्या उभ्या राहिल्या. जबडे उघडून, दगडासारख्या. लाह्या दुसऱ्याच कोपऱ्यात फिरत होत्या. "खावा गो," ती म्हणाली. "माझा चेडू थंय वाट बघता." मुंग्या हलल्या नाहीत. निघावं असं तिच्या मनात आलं. जाऊन सांगावं, खाल्लं म्हणून. कुणाला कळणार होतं? पण बाटलीत काही उरलं नाही असं एकदा खोटं सांगून झालं होतं. ती बसून राहिली. गुडघे दुखायला लागले, डोळ्यांतून पाणी आलं, भिंगावर वाफ धरली ती तिने पदराने पुसली. शेवटी एक लाही वाट चुकल्यासारखी इकडे आली.

जबडा मिटला. मुंगीने तिला उचलून आत नेईपर्यंत सुलक्षणा उठली नाही.

ती परत पोचली तेव्हा बाकावर श्यामसुंदर नव्हता. दार लोटून ती आत गेली तर तो खाटेशेजारी उभा होता, हात कुठे ठेवावेत हे न कळून दोन्ही पाठीमागे धरलेले. उत्तरा पांढरीफटक पडली होती. तिच्या कुशीत धुवट लुगड्याच्या तुकड्यात काहीतरी गुंडाळलेलं होतं आणि ते तुकड्याच्या आतून बारीक आवाज करत होतं.

सुलक्षणा दारातच थांबली. तिच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, पण उत्तराने आधी विचारलं.

"खाल्लं?"

"खाल्ल्यानी," सुलक्षणा म्हणाली. "एकीन धरल्यान. उशीर केल्यान, पण धरल्यान. आत नेल्यान."

"पिल्लांकडे?"

"होय."

उत्तराने डोळे मिटले. श्यामसुंदर एकदा बायकोकडे, एकदा सासूकडे बघत होता. सुलक्षणा पुढे झाली, तिने दोन्ही हात पसरले, आणि नर्स मध्ये आली.

"अहो, हात बघा तुमचे. माती लागलीय सगळी. आधी धुऊन या."

सुलक्षणाने हात पाहिले. नखांत तुळशीची माती होती. "होय बाई," ती म्हणाली आणि व्हरांड्याच्या टोकाच्या नळावर गेली. पाणी सोडलं, हात चोळले, आणि तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की मुलगा की मुलगी हे तिने अजून विचारलंच नव्हतं.